द्रौपदीला प्रकरण मिळालं नाही

मी कादंबऱ्या वाचते ते मजा येते म्हणून. ट्रेनमध्ये, झोपण्याआधी, कधी फोनवर, कधी वाचनालयातल्या पिवळ्या पडलेल्या प्रतीत. समीक्षेतले मोठे शब्द मला झेपत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं एका साध्या वाचकाचं मत समजा. या पावसाळ्यात ओळीने पाच कादंबऱ्या झाल्या. कुणी सुचवलेल्या, कुणाच्या घरून आणलेल्या. त्यातल्या दोन सोडल्या तर एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही पाचवी मिटली तेव्हा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकतो, त्याला आपण न सांगता माफ करून टाकतो का? आणि ही माफी द्यायचा हक्क आपल्याला मिळाला कुठून?

पहिली होती 'मृत्युंजय'. शाळेत असताना अर्धीच राहिलेली. 1967 सालची ही कादंबरी कुठल्या ना कुठल्या घरातल्या कपाटात हमखास सापडते, आणि ती वाचून कर्णाच्या प्रेमात न पडलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. आता द्यूताचा प्रसंग आठवा. मूळ महाभारतातला कर्ण भर सभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणतो, म्हणजे कुलटा, आणि तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगतो. याला घाणेरडं वागणं याखेरीज दुसरा शब्द नाही. पण कादंबरीत त्या सभेपर्यंत पोचेतो आपण शेकडो पानं कर्णाबरोबर चाललेलो असतो. सूतपुत्र म्हणून झालेला प्रत्येक अपमान आपण त्याच्या कानांनी ऐकलेला असतो. मग सभेत तो तोल सोडतो तेव्हा आपला हात नकळत त्याच्याच पाठीवर जातो. 'काय सोसलंय बिचाऱ्याने,' असं आपण म्हणतो. केस धरून ओढून आणलेली बाई समोर उभी असते, आणि बिचारा असतो कर्ण.

या कादंबरीला सहा निवेदक आहेत. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण. दुर्योधनालासुद्धा स्वतःची बाजू मांडायला जागा मिळाली आहे. द्रौपदीला नाही. शिवाजी सावंतांवर हा आरोप नाही. कर्णाचीच गोष्ट सांगायची म्हटल्यावर कुणाला बोलू द्यायचं हे लेखकच ठरवणार. पण वाचताना ही गैरहजेरी आपल्याला जाणवतसुद्धा नाही, त्याचं मला नवल वाटलं. जाता जाता एक योगायोग. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही 1967चंच. तिथे कर्णाला एवढी सवलत नाही आणि द्रौपदीला स्वतंत्र लेख आहे. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचून बघाच.

दुसरी काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे'. 1989ची, त्याच वर्षी बुकर मिळालेली. स्टीव्हन्स हा एका इंग्लिश हवेलीतला बटलर. 1956च्या उन्हाळ्यात मालकाची गाडी घेऊन काही दिवसांच्या प्रवासाला निघतो आणि वाटेत जुने दिवस आठवत जातो. त्याचे आधीचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीशी सलोखा करायच्या नादात नाझींच्या कामी आलेले. हे स्टीव्हन्स थेट सांगत नाही. तो बटलरची प्रतिष्ठा म्हणजे काय यावर बोलतो, चांदीच्या भांड्यांच्या पॉलिशवर पानंच्या पानं बोलतो, आणि त्या बोलण्याच्या फटीतून आपल्याला खरं काय ते दिसत राहतं.

त्यात एक प्रसंग आहे. एक दिवस लॉर्डसाहेब सांगतात की घरात कामाला असलेल्या दोन ज्यू मुलींना काढून टाका. त्यांची चूक काय? त्या ज्यू आहेत, एवढीच. रूथ आणि सेरा त्यांची नावं. स्टीव्हन्सला ते पटलेलं नसतं, निदान तो तसं म्हणतो. पण घरातल्या नोकरबायकांवर देखरेख करणाऱ्या मिस केंटनला तो ही गोष्ट संध्याकाळी कोको पिता पिता सांगतो, जणू पडदे धुवायला टाकायचेत. ती भडकते, मीही नोकरी सोडते म्हणते. सोडत नाही. कारण तिला जायला दुसरीकडे जागा नसते, आणि या भित्रेपणाची लाज वाटते हे ती पुढे स्वतःच बोलून दाखवते. काही काळाने मालकाला उपरती होते. तेव्हा स्टीव्हन्स तिला म्हणतो, वाईट तर मलाही वाटलं होतं. यावर ती जे विचारते ते मी खुणेची चिठ्ठी लावून ठेवलं आहे. तिच्या बोलण्याचा मतितार्थ असा, की तेव्हाच हे एका शब्दाने सांगितलं असतं तर मला केवढा आधार झाला असता, मग तुम्ही सोंग का केलंत?

कादंबरीच्या शेवटी समुद्राकाठच्या धक्क्यावर संध्याकाळी बसलेला स्टीव्हन्स वाचताना मला रडू आलं. त्याचं न बोललेलं प्रेम, चुकीच्या माणसाच्या चाकरीत गेलेलं आयुष्य. कुणालाही रडू येईल. पण रडून झाल्यावर मी मागची पानं चाळली. रूथ आणि सेरा काही मोजक्या पानांत येऊन जातात. त्यांना एक वाक्यही धड बोलायला मिळत नाही. 1930च्या दशकात, शिफारसपत्राशिवाय नोकरी मिळणं मुश्कील अशा काळात, त्या दोन मुली कुठे गेल्या असतील? कादंबरी सांगत नाही, कारण स्टीव्हन्सला माहीत नाही. आणि त्याने चौकशी केल्याचंही कुठे येत नाही.

इथे मला वाटतं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. समजून घेणं आणि माफ करणं. स्टीव्हन्स गप्प का राहिला हे मला आता माझ्या शेजाऱ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. ते कळणं मोलाचं आहे, कादंबरी त्यासाठीच वाचायची. पण त्याने माझं काहीच बिघडवलेलं नाही, मग मी त्याला माफ करणारी कोण? तो अधिकार रूथ आणि सेराचा. दोस्तोयेव्स्कीच्या 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये इव्हान असाच एक मुद्दा मांडतो. ज्याच्या कुत्र्यांनी पोराला फाडलं त्या जनरलला आई हवं तर स्वतःच्या दुःखापुरती क्षमा करू दे, पण पोराने जे भोगलं त्याची क्षमा करायचा तिलाही हक्क नाही. आईला नाही, आणि आपण वाचक तर पलंगावर लोळत पानं उलटणारे.

तिसरी आणि चौथी जोडीनेच वाचायची असं एका मित्राने बजावलं होतं. अल्बेर काम्यूची 'द आउटसायडर', 1942ची. अल्जियर्सजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर म्यरसो एका अरब माणसाला गोळी घालतो, आणि तो पडल्यावर आणखी चार. मेलेल्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. पुढे खटला चालतो तोही खुनाचा कमी आणि आईच्या अंत्यविधीला म्यरसो रडला नाही याचा जास्त. आपल्याला त्या ढोंगी कोर्टाचा राग येतो, आणि रागाच्या भरात खून झालेला माणूस आपणही विसरतो. सत्तर वर्षांनी, 2013मध्ये, कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने त्या मेलेल्या माणसाला नाव दिलं, मूसा. गोष्ट सांगायला लावली त्याच्या धाकट्या भावाला, हारूनला.

मला वाटलं, चला, न्याय झाला. पण दाऊद तेवढ्यावर थांबत नाही. हारूनही खून करतो. 1962मध्ये, अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, एका फ्रेंच माणसाचा. आणि हारूनच्या तोंडून ऐकताना त्याचंही आपल्याला पटायला लागतं! शिवाय काम्यूच्या पुस्तकात आणखी एक बिननावाची व्यक्ती आहे. म्यरसोच्या शेजाऱ्याने मारझोड केलेली ती बाई, मेलेल्या माणसाची बहीण म्हणून आलेली. हारून तिच्याबद्दल काय म्हणतो? आम्हाला बहीण नव्हतीच. भावाला नाव मिळालं आणि ती बाई मात्र होती त्याहून आणखी बाहेर ढकलली गेली.

कुणी म्हणेल, कागदावरची माणसं ती, एवढं काय मनावर घ्यायचं. मला तसं वाटत नाही, कारण कानाला लागलेली सवय पुस्तकाबाहेरही येते. आमच्या घरातलंच बघा. माझे एक काका अफलातून गोष्ट सांगतात. तरुणपणी नोकरी सोडून त्यांनी छपाईचा धंदा टाकला, तो कसा बुडाला, देणेकरी दारात आले तेव्हा ते माळ्यावर कसे लपले, ही गोष्ट दर गणपतीत होते आणि दरवेळी पोट धरून हसायला येतं. त्यात एक वाक्य असतं, 'मग काय, हिच्या बांगड्या मोडल्या.' हे वाक्य येतं तेव्हा काकू सहसा पंगतीत वाढत असते. दोन वर्षांपूर्वी घरात नवीन आलेल्या वहिनीने मध्येच विचारलं, 'काकू, कुठल्या होत्या हो बांगड्या?' काकू आमटीचं पातेलं हातात घेऊन थांबली. म्हणाली, 'आईच्या. तिने मरायच्या आधी दिलेल्या.' आणि पुढच्या पानाकडे वळली. काकांनी माळ्याची गोष्ट पुढे चालू केली. आम्ही हसलोही, पण जरा कमी.

काका वाईट नाहीत. त्यांना सांगता येतं, एवढंच. काकूला सांगता येत नाही, की तिला कुणी विचारलं नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फोनवर तर हे रोज चालतं. कुणीतरी लांबलचक लिहितं, 'आज पहिल्यांदाच बोलतोय.' तुटलेलं नातं, सोडलेली नोकरी, भांडलेला मित्र. लिहिणाऱ्याचं मराठी चांगलं असेल, दोन जागी डोळे ओले झाले, की आपण बदाम टाकून मोकळे. समोरच्या माणसाला लिहिता येत नसेल किंवा लिहायचंच नसेल, तर तो हरला. वाक्यरचना हा कधीपासून पुरावा झाला?

पण म्हणून दर 'मी'कडे संशयाने बघायचं, हेही मला पटत नाही. हा 'मी' सगळ्यांना फुकट मिळालेला नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं तेव्हा लिहिलेले कागद त्यांना वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवावे लागले होते. ज्यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या दुसरेच बोलत आले, त्यांनी पहिल्यांदा 'मी' म्हटल्यावर आपण लगेच 'दुसरी बाजू काय?' म्हणून विचारायचं, तर तो निव्वळ निर्लज्जपणा झाला. दुसरी बाजू तर आपण आजवर ऐकतच आलोय. तेव्हा प्रत्येक 'मी' सारख्याच तराजूत घालता येत नाही. आधी किती काळ कोण बोलत होतं, हेही बघावं लागतं. याचा नियम करता येईल का? मला नाही जमलेला.

पाचवी 'ययाति', खांडेकरांची, 1959ची. भाषा आज जरा जड वाटते, सुविचारही बरेच आहेत, आणि मधली काही पानं मी सरळ उडवली. पण रचना मला आवडली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. देवयानी ही आपल्या डोक्यातली खाष्ट बाई. पण तिच्या तोंडून ऐकलं की राजाचं वागणं एकदम वेगळं दिसायला लागतं, आणि आधी ययातीवर आलेली माया थोडी वरमते. मग शर्मिष्ठा बोलायला लागते आणि देवयानीवरची माया वरमते. म्हटलं, हे बरं आहे, इथे तरी सगळ्यांना बोलायला मिळालं. तेवढ्यात लक्षात आलं की ज्याचं तारुण्य बापाने मागून घेतलं, त्या पुरूला निवेदन नाही.

सध्या सहावी चालू आहे. नवीच आहे, अर्धी झाली, म्हणून नाव सांगत नाही. नायक लेखक आहे, अस्वस्थ आहे, भाषा सुरेख. मला तो आवडायलाही लागलाय. नव्वद पानांत त्याच्या बायकोने चार वेळा चहा केला, एकदा दार लावून घेतलं. तिचं नाव अजून आलेलं नाही. पुढे येईलही.