शत्रूसाठी मागितलेली भिक्षा

दात्याची थोरवी आपण गृहीत धरतो आणि मागणाऱ्याकडे किंचित दयेने पाहतो. परंतु जो दुसऱ्यासाठी, आणि तेही कालच्या शत्रूसाठी, झोळी पसरतो त्याचे मोल कोणत्या मापाने ठरवावे?

बेल्जममधील टोंगर्लो मठाचे डच साधू वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटेन यांनी १९४७ च्या नाताळात मठाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. पूर्वेकडून हाकलले गेलेले लक्षावधी जर्मन उद्ध्वस्त जर्मनीत निवाऱ्यावाचून दिवस कंठीत होते; त्यांना साहाय्य करा, असे त्यांचे आवाहन होते. ते ज्यांच्यापुढे केले ते फ्लेमिश लोक चार वर्षे जर्मनांचा अंमल सोसून नुकतेच मोकळे झाले होते. व्हान स्ट्राटेन यांनी शेतकरणींपाशी खारवलेले डुकराचे मांस मागितले, आणि ते टनावारी जमले. लोक त्यांना कौतुकाने 'मांसवाले फादर' म्हणू लागले. पुढे डोक्यावरची टोपी हीच त्यांची झोळी झाली व तीतून जगभर काम करणारी संस्था उभी राहिली.

आपण सरकारी चाकरीतली माणसे. कर कायद्याने वसूल होतो. देणाऱ्याच्या मनाशी खजिन्याला कर्तव्य नसते. करातून निर्वासितांना अन्न मिळेल, पण द्वेष निवणार नाही. याचकाला मात्र आधी मन जिंकावे लागते. जिने शत्रूच्या लेकरांसाठी घासातला घास काढून दिला, तिच्या अंतरातील कडवटपणाही त्याबरोबर थोडा तरी घराबाहेर गेला असेल. म्हणजे अशी याचना घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यावरही उपकार करते.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. व्हान स्ट्राटेन २००३ साली निवर्तले. १९७३ साली त्यांनी एका तरुण स्त्रीवर अतिप्रसंगाचा प्रयत्न केल्याचा आरोप २०२१ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. याचकाचे शील डागाळले, तर दानही डागाळते काय? मला तसे वाटत नाही. घास दात्याचा होता आणि तो भुकेल्याच्या मुखी पडला; ते सत्य कोणालाही पुसता येणार नाही. परंतु त्या पुण्याचा आडोसा याचकाला घेता येत नाही. हजारांची भूक भागवली, ही जमा एका व्यक्तीवर केलेल्या अन्यायापोटी वळती करून घेता येईल, असे खाते नीतीच्या वहीत नाही. लोकांच्या विश्वासावर ज्याची झोळी भरते, त्याने पैशांबरोबर स्वतःचाही हिशेब द्यावयाचा असतो.