क्षमेचा धनी कोण?

देहदंड झालेल्या तरुण स्त्रीसाठी जगभरातून सह्या गोळा होतात, तेव्हा कायद्याच्या कलमांआधी एक जुना धर्मप्रश्न पुढे येतो: क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याचे माणूस गेले त्याचा, राज्याचा, की देवाचा?

इस्लामी न्यायपरंपरेचे उत्तर स्पष्ट आहे. खुनाबद्दल किसास, म्हणजे जिवास जीव मागण्याचा हक्क मृताच्या वारसांचा. मात्र तो सांगतानाच कुराणाने माफीची वाट मोकळी ठेवली आहे. वारस दियत, म्हणजे रक्ताची भरपाई घेऊन किंवा काहीही न घेता क्षमा करू शकतात. त्यामुळे केवळ सरकारवर दबाव आणणारी मोहीम अनेकदा चुकीचे दार ठोठावते. इराणच्या रेहाने जब्बारीने बलात्काराच्या प्रयत्नापासून बचाव केल्याचे सांगितले होते. जगभरातून तिच्यासाठी आवाज उठला. मृताच्या कुटुंबाने माफी दिली नाही आणि २५ ऑक्टोबर २०१४ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, तिला फाशी झाली. त्याआधी नाझनीन फातेही या मुलीच्या बाबतीत मात्र गाजावाजा उपयोगी पडला. तिचा खटला पुन्हा चालला, खुनाचा आरोप टिकला नाही आणि २००७ मध्ये दियत भरून ती सुटली.

केरळच्या निमिषा प्रिया या परिचारिकेला येमेनमध्ये १६ जुलै २०२५ रोजी फाशी व्हायची होती. ती ऐनवेळी पुढे ढकलली गेली. केरळचे मुस्लिम धर्मगुरू कांतपुरम अबूबकर मुसलियार यांनी येमेनी सूफी विद्वानांमार्फत मृताच्या घरच्यांशी बोलणी सुरू केली होती. दार बरोबर होते. तरी मृताच्या भावाने माफीला जाहीर नकार दिला. क्षमा हा हक्क असेल, तर ती नाकारणे हाही हक्कच ठरतो. मोहीम चालवणाऱ्यांना हे पचवणे जड जाते.

बुंदेलखंडातल्या बांदा जिल्ह्यातील एका तरुणीसाठी अशी लाट उठलीच नाही. अबूधाबीत एका बाळाला सांभाळणाऱ्या या स्त्रीला त्याच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवण्यात आले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी तिला देहदंड दिला गेला. वडिलांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारने ही गोष्ट सांगितली ती ३ मार्चला.

भारतीय परंपरेत दंड राजाचा. दंड भोगलेला अपराधी पापमुक्त होतो, असे मनुस्मृती मानते. म्हणजे शिक्षा मृताच्या वारसांसाठी नसून अपराध्याच्या शुद्धीसाठी आहे. स्त्री अवध्य, हाही जुनाच संकेत. पण ताटकेच्या वेळी विश्वामित्रांनी रामाला तो बाजूला ठेवायला लावला. उलट युद्धानंतर, छळणाऱ्या राक्षसींना मारू का, असे हनुमंताने विचारले तेव्हा सीतेने त्याला रोखले. त्या परक्याच्या हुकमाने वागत होत्या, हे तिचे एक कारण. अपराध कोणाकडून घडत नाही? हे दुसरे. हे दुसरे कारण अधिक कठीण आहे, कारण त्यात समोरची व्यक्ती दयेस पात्र आहे की नाही हा हिशेबच उरत नाही.

मोहिमा नेमका तोच हिशेब मांडतात: मुलगी कोवळी आहे, तिने अब्रू वाचवली, तिच्यावर अन्याय झाला. हे खरे असले तरी तो निर्दोषत्वाचा युक्तिवाद झाला, क्षमेचा नव्हे. निर्दोष माणसाला क्षमेची नव्हे, सुटकेची गरज असते.

कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींचे प्रकरण म्हणूनच महत्त्वाचे. मुले पळवून चोऱ्यांसाठी वापरणाऱ्या आणि अनेकांना ठार मारणाऱ्या या दोघी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या, तेव्हा त्याही तरुणच होत्या. कोवळेपणाचा वा बचावाचा एकही आधार त्यांच्या बाजूने नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यांची फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. कारण करुणेचे नव्हते: दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला झालेला सात वर्षांहून अधिक, समर्थन न देता येणारा विलंब. त्यांना कोणी क्षमा केली असे म्हणता येत नाही. मारल्या गेलेल्या मुलांच्या आईबापांना तर ती करता का, असे विचारण्याची सोयच आपल्या कायद्यात नाही.