मातीचा उंट आणि आजीचा दिवा

शारजाच्या पुरातत्त्व संग्रहालयात मुवैला येथील उत्खननात सापडलेले मातीचे छोटे उंट आहेत. सुमारे २८०० वर्षांपूर्वी कोणा कारागिराने ते हाताने घडविले. ती मुलांची खेळणी होती की पूजेच्या वस्तू, हे नुसते पाहून कळत नाही. दुसरी आज्ञा पाठ करून वाढलेल्या आपल्या मनात मग प्रश्न येतो: अशा आकृतींचे यहुद्याने कौतुक करावे काय?

उत्तर आपल्या शास्त्रातच आहे. मोशे रब्बेनूंनी परमेश्वराच्या आज्ञेवरून अरण्यात पितळी सर्प केला व सर्पदंश झालेले लोक त्याकडे पाहून वाचले. पुढे इस्राएल लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. दोघांनीही योग्यच केले. दोष पितळेत नव्हता, धूप जाळणाऱ्यांत होता.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण गावी ते शेजाऱ्यांच्या कलेचे कौतुक करीत राहिले. परंतु शब्बाथला घाणा बंद ठेवून कोकणात 'शनवार तेली' म्हणूनच ओळखले गेले.

आज परदेशातील आपल्या कित्येक घरी आजीचा शब्बाथचा दिवा काचेच्या कपाटात असतो. पाहुण्यांना आपण तो अभिमानाने दाखवितो. पण शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागतो काय? लागत नसेल, तर तो अभिमानही धूप जाळण्यासारखाच आहे.

उंट कपाटात राहो. त्याचे काम संपले आहे. दिव्याचे संपलेले नाही.