भयाची निद्रा आणि अभयाची निद्रा

रात्रीचे नऊ वाजले की पुष्कळ घरांतून एकच हाक ऐकू येते, "झोप बघू, नाहीतर बागुलबुवा येईल!" पोर डोळे घट्ट मिटते आणि आपण म्हणतो, झोपले. सज्जनहो, ते झोपले की नुसते गप्प झाले? लेकराला भय घालून निजवणे धर्म्य आहे काय?

पूर्वपक्ष असा : मूल अजाण, त्याला स्वतःचे हित कळत नाही. कडू औषध गुळात घालून देतात, तसे खोटे बोलून निजवले तर दोष कोणता?

याचे समाधान ऐका. भय हे मुळात जागे ठेवण्याचे साधन आहे. शेतात वाघराची चाहूल लागली तर राखणदार झोपेल का? त्याची छाती धडधडते, कान टवकारतात. पांघरुणाखाली त्या पोराची अवस्था हीच. शिवाय बागुलबुवा खोटा, हे मुलाला आज ना उद्या कळतेच. त्या दिवशी बागुलबुवा जातो आणि आईबापांच्या शब्दावरचा विश्वासही घेऊन जातो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुण मोजताना भगवंतांनी अभय सर्वांआधी ठेवले. तेच आपण लेकराच्या अंथरुणावरून काढून घेतो!

मग शिस्त नको काय? अहो, हवीच. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले. अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले की, ३ ते ५ वर्षांच्या मुलास दिवसाची झोप धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप हवी. म्हणजे शाळेसाठी साडेसहाला उठणाऱ्या पोराचा डोळा उशिरात उशिरा साडेनऊला लागला पाहिजे.

पण शिस्त म्हणजे धाक नव्हे. शिस्त म्हणजे क्रम. रोज ठरल्या वेळी जेवण, हातपाय धुणे, दिवा मंद करणे, एक गोष्ट, पाठीवर हात. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते आणि शरीर निजायच्या तयारीला लागते. मोबाईलचा उजेड त्याला आडवा येतो. म्हणून मोबाईल आधी बापाने खाली ठेवायचा, मग पोराला सांगायचं. आणि पोर म्हणाले "भीती वाटते", तर हसू नये. बारीक दिवा ठेवून जवळ बसावे.

खरी गोम इथेच आहे. क्रमाला रोज आपला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. बागुलबुवाला एक वाक्य पुरते. हित मुलाचे म्हणतो, पण सोय आपली पाहतो. दोष आहे तो इथे.

कीर्तनात टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो आणि आईच्या मांडीवर तान्हे गाढ झोपलेले असते. गजर काही कमी नसतो. पण मांडी ओळखीची असते. घरचे अंथरूणही लेकराला तसेच वाटावे, एवढे आपल्या हाती आहे.