न दिसणारा थर

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजाराचं गाव. तिथे हवाई दलातून निवृत्त झालेले एक आबा राहत. नोकरीत ते एअरफ्रेम फिटर होते, विमानाचा सांगाडा आणि पत्रा सांभाळणारे. आता मिरचीचं शेत सांभाळत. त्यांच्या शाळकरी नातवाला मिग-२१ या लढाऊ विमानाचं भारी वेड.

२०२५ चा सप्टेंबर होता. २६ तारखेला चंदीगडला मिग-२१ ला निरोप देणार, अशी बातमी आली. नातवाने ठरवलं, त्याच दिवशी आपलं मिग शाळेत न्यायचं. १:७२ प्रमाणातलं वीतभर लांबीचं ते प्लॅस्टिकचं विमान जोडून, चंदेरी रंगवून तयार होतं. अडचण एकच. खोक्यात आलेल्या खुणा रशियन होत्या, लाल ताऱ्यांच्या. आपल्या हवाई दलाचं तिरंगी वर्तुळ त्यांत नव्हतं.

“आबा, आपणच छापू,” नातू म्हणाला.

त्याने पारदर्शक डेकल पेपर मागवला. हा कागद पाण्यात भिजवला की वरची पातळ फिल्म सुटते, ती सरकवून विमानावर बसवायची. संगणकावर त्याने वर्तुळ काढलं. बाहेर भगवा, मग पांढरा, मधोमध हिरवा. झेरॉक्सच्या दुकानातल्या इंकजेट प्रिंटरवर पाच मिनिटांत पान छापून झालं. घरी येताच एक वर्तुळ कापून त्याने वाटीतल्या पाण्यात सोडलं. भगवा आणि हिरवा एकमेकांत मिसळून पाणी गढूळ झालं, हाती कोरी फिल्म आली.

“काहून एवढी घाई करतो?” आबा म्हणाले. “इंकजेटची शाई पाण्यात उतरते. भिजवायच्या आधी तिच्यावर पारदर्शक लॅकर मारावं लागतं. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा.”

बाहेर पावसाची झड लागली होती. पोराला दम कुठला! त्याने एकदाच जाड फवारा मारला. दमट हवेत लॅकर धुरकट पडलं आणि सगळी वर्तुळं मळकी दिसू लागली.

ऊन पडल्यावर त्याने पुन्हा छापून आणलं. या वेळी लॅकरचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला. फिल्म सुरेख सुटली, पंखावर बसली, शाईचा कणही हलला नाही. पण पांढरं कडं गायब! त्या जागी पंखाचा चंदेरी रंग दिसत होता. भगवा आणि हिरवाही विझल्यासारखे झाले होते.

“प्रिंटरने पांढरं छापलंच नाही!” नातू रडकुंडीला आला.

“त्याच्याजवळ पांढरी शाई असतेच कुठं?” आबा म्हणाले. “कागदावर दिसलं ते कागदाचं पांढरं. फिल्म पारदर्शक, शाईही पारदर्शक. खाली असंल तसं वर दिसंल. आधी पंखावर पांढरा गोल रंगव. त्यावर चकचकीत पारदर्शक लॅकर मार, म्हणजे फिल्मखाली हवा राहणार नाही. मग वर्तुळ बसव.”

“मग नुसतं मधलं कडं पांढरं रंगवतो. भगव्या-हिरव्याखालचं पांढरं कोणाला दिसणार आहे?”

“कोणालाच नाही. पण नसलं, तर सगळ्यांना दिसंल. आत्ता तुला दिसलं तसं.” आबा थांबून म्हणाले, “खऱ्या विमानाच्या पत्र्यावरही रंगाआधी प्रायमर लागतो. तो पाहून कोणी टाळ्या वाजवत नाही. पण त्याच्यावाचून रंग धरत नाही, पत्रा गंजतो. माझी सगळी नोकरी असल्याच कामात गेली.”

नातवाने मास्किंग टेपमधून गोल कापून काढला आणि त्यातून पूर्ण पांढरा थर दिला. तो वाळायला एक दिवस, लॅकर वाळायला आणखी एक. तोवर २६ तारीख उजाडली. टीव्हीवर मिग-२१ ची अखेरची उड्डाणं दिसली आणि घरचं मिग अजून खुणांवाचूनच होतं. पोराचं तोंड उतरलं.

“१९६३ मध्ये दलात आलं, बासष्ट वर्षं उडालं,” आबा हसले. “तुझ्या दोन दिवसांनी त्याचं काय बिघडतं?”

दोन दिवसांनी नातवाने वर्तुळं कडेला लागून कापली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवली, ओल्या कुंचल्याने जागेवर सरकवली, कापडाने पाणी टिपलं. भगवा झळझळीत, पांढरा स्वच्छ, हिरवा ठसठशीत. वरून शेवटचा लॅकरचा हात दिला.

शाळेत पोरांनी विमानाला गराडा घातला. “कोणत्या प्रिंटरवर छापलं रे?” एकाने विचारलं.

“दुकानातल्या साध्याच,” नातू म्हणाला. “छापायला पाच मिनिटं लागली. बाकीचे दिवस पांढऱ्यात आणि लॅकरमध्ये गेले.”

तात्पर्य : जे काम केलं असता कोणाला दिसत नाही आणि राहून गेलं की सगळ्यांना दिसतं, ते आधी करावं. वरचा रंग त्याच्याच जोरावर टिकतो.