सतराव्या घरातली दया

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातल्या हस्तलिखितांमध्ये मोक्षपटाच्या दोन प्रती आहेत. पुण्याचे वा. ल. मंजूळ आणि डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसेन यांच्या शोधामुळे त्यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं. पट साधारण २० इंच लांबीरुंदीचे, घरं ५०, पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. खेळायला सहा कवड्या. परंपरा या खेळाचं जनकत्व ज्ञानेश्वरांना देते. आज पाहायला मिळणारे बहुतेक पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी रंगवलेले आहेत. हाच खेळ पुढे इंग्लंडला गेला, तिथे त्यातला मोक्ष गळाला आणि सापशिडी उरली.

आजची तरुण मुलं-मुली टेबलाभोवती बसून जे काल्पनिक विश्वांचे खेळ खेळतात, त्यांचा विचार करताना मला हा पट आठवतो. त्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात जादूला काटेकोर हिशेब आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत जादूगार सकाळी पोथी उघडून ठरावीक मंत्र पाठ करायचा, आणि मंत्र वापरला की तो त्याच्या स्मरणातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या कादंबरीकाराकडून घेतलेली. विश्वरचनाही तितकीच आखीव. सज्जन-दुर्जन हा एक अक्ष, शिस्त-स्वैरपणा हा दुसरा, आणि स्वभावाच्या प्रकारांनुसार वेगवेगळे लोक नेमून दिलेले. मेल्यावर जीव आपापल्या स्वभावाच्या लोकात जातो. धाडसी खेळाडू तिथे जिवंतपणीही जाऊन येतो, नरकात उतरतो, लढतो, खजिना घेऊन परततो.

या रचनेत कल्पकता भरपूर आहे, ती मला मनापासून आवडते. पण त्यातले लोक हे बहुतांशी मुलूख आहेत. तिथे जाण्याने खेळाडूचं काय होतं, हे नियम सांगत नाहीत. १९८० साली याच खेळासाठी देवदेवतांचं एक पुस्तक निघालं. त्यात इंद्र, अग्नी, यम आहेत, आणि प्रत्येकापुढे तो किती घाव सोसू शकतो याचा आकडा आहे. आकड्याने देवाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. माझी हळहळ वेगळी आहे. नावं तिकडे पोहोचली, पण ज्या नियमांमुळे इंद्र हा इंद्र ठरतो ते नियम इकडेच राहिले. इंद्रपद पुण्याईने मिळतं आणि पुण्याई सरली की जातं. कुणी तपाला बसलं की त्याचं आसन डळमळतं. या देवाला खरी धास्ती घावांची नाही, दुसऱ्याच्या तपाची असते.

विश्व नकाशाने उभं राहत नाही, नियमाने राहतं, हे मोक्षपटाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ७२ घरांचा वैष्णव पट घ्या. हरीश जोहरी यांनी ‘लीला’ या पुस्तकात तो सविस्तर मांडला आहे. त्यात वैकुंठ ६८व्या घरात आहे, शेवटच्या घरात नाही. सतरावं घर दयेचं. तिथली शिडी पटावरची सर्वांत लांब, ती थेट ६९व्या घरात, ब्रह्मलोकात नेते. म्हणजे वैकुंठाच्या एक घर पुढे! पुढे गेलेल्याला मागे वळता येत नाही. सत्त्व, रज ओलांडून ७२व्या घरात तमोगुणाच्या सापाच्या तोंडी जायचं आणि ५१व्या घरात पृथ्वीवर उतरून पुन्हा चालायला लागायचं. ५४व्या घरातली भक्ती मात्र नेमकी वैकुंठात पोहोचवते. ब्रह्मलोकापर्यंतचे सगळे लोक परतीचे आहेत, हे गीतेच्या आठव्या अध्यायातलं तत्त्वज्ञान. इथे ते कुणी समजावून सांगत नाही. दयेच्या शिडीने हर्षभरित होऊन वर गेलेला खेळाडू तमाच्या सापावरून घसरतो, तेव्हा ते त्याच्या अंगी लागतं. पुण्य उंच नेतं, सोडवत नाही. एवढा सूक्ष्म विचार एका शिडीचं टोक एक घर पुढे सरकवून सांगणारा माणूस, मग तो कुणीही असो, फार मोठा रचनाकार होता.

कवड्यांचंही तसंच. फाशावर एक ते सहा सगळे आकडे सारख्याच शक्यतेने पडतात. सहा कवड्या टाकल्या आणि उताण्या मोजल्या, की मधले आकडे वरचेवर येतात. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर सरासरी ६४ डावांत तीन २० वेळा पडतील, सहा एकदाच. नशिबाची मोठी उडी दुर्मीळ, रोजची चाल मध्यम. प्रारब्ध बहुतेकांच्या वाट्याला असंच येतं.

पटाची एक उणीव मात्र मान्य करायलाच हवी. त्यात खेळाडूला निवड नाही. दयेच्या घरात तो पडतो, दया करत नाही. निवडीचं स्वातंत्र्य ही अमेरिकन खेळाची खरी देणगी, आणि म्हणूनच त्याच्या मांडणीत आपल्या कथांमधले जादूचे नियम आणून पाहावेत असं मला तीव्रतेने वाटतं. विश्वामित्राचं तप ही खर्च होणारी पुंजी आहे. त्रिशंकूसाठी वेगळा स्वर्ग रचताना ती ओतली जाते, मेनकेपायी सरते, आणि दर वेळी ऋषीला नव्याने आसन घालावं लागतं. पातंजल योगसूत्रांचा तिसरा पाद सिद्धींची यादी देतो, आणि त्याच पादात त्यांना समाधीतले अडथळेही ठरवतो. चांगदेव योगबळावर चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले, अशी कथा आहे. समोर ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. पण त्याआधी चांगदेवांनी पाठवलेला कोरा कागद पाहून एवढी वर्षं जगूनही हा कोराच राहिला असं म्हणणारी मुक्ताबाई, माझ्या मते, या कथेतलं सर्वांत मोठं सामर्थ्य आहे. आकड्यांच्या खेळात चांगदेव अजिंक्य ठरतील. मुक्ताबाईच्या पुढ्यात त्यांचं बळ जिथे शून्य होतं, तो नियम लिहिणं ही खरी कसोटी.

आपल्याकडे हे काम पूर्वी झालेलं आहे. जैनांनी ८४ घरांचा पट करून वर सिद्धशिला ठेवली, सूफींनी शंभरेक घरांचा केला. ज्याने त्याने आपापले लोक मांडले, आपल्या श्रद्धेप्रमाणे सापाचं तोंड आणि शिडीचं टोक नव्याने ठरवलं. येरवड्यातले पन्नास घरांचे पट याच कुळातले आहेत. पुण्यात नवं विश्व रचायला बसलेल्या कुणीही दैत्यांची यादी करण्याआधी ते पाहावेत, आणि आपल्या विश्वात दयेची शिडी कुठे पोहोचते ते आधी ठरवावं.