कुलूप लावणाऱ्याचा जीव

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाचे नाव निघाले की १९३३ साल आठवते, साने गुरुजी आठवतात, ‘श्यामची आई’ आठवते. त्यांच्या कोठडीला कुलूप कोण लावत असे, हे आपण कधी विचारले नाही.

कुलूप लावणारा आजही आहे. संध्याकाळी बंदी मोजून बराकीत घालायचे, गिनती जुळेपर्यंत जागचे हलायचे नाही. झडतीत मोबाइल सापडला, गांजाची पुडी सापडली, तर ती काढून घेऊन वैर पत्करायचे तेही यानेच. हातात फार तर काठी. अशा शिपायाचा जीव गेला की मागणी येते: मारणाऱ्याला फासावर चढवा, न्यायाधीशाला पर्यायच ठेवू नका.

हा राग खोटा नाही. पण हे औषध आपण शंभरावर वर्षे घेऊन बसलो होतो. दंड संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर शिक्षा एकच, फाशी. तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांचे रक्षण हाच त्याचा मुख्य हेतू सांगितला जाई. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आज दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये अशा कैद्याला फाशी किंवा मरेपर्यंत कैद आहे. याहून कडक काय करणार?

जन्मठेपेच्या कैद्याला शिस्तीत ठेवते ती माफीच्या दिवसांची बेरीज, फर्लोचा अर्ज, मुलाकतीला येणारी आई. ज्याचे हे सगळे आधीच तुटले आहे असा माणूस बराकीत सर्वांत धोकादायक, आणि त्याच्याशी गाठ पडते ती मागणी करणाऱ्याची नव्हे, शिपायाची. इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्तव्यावरील तुरुंगाधिकाऱ्याच्या खुनाला आमरण कैद हाच शिक्षेचा आरंभबिंदू आहे. पण तिथे निदान न्यायाधीशाला परिस्थिती पाहून खाली येता येते.

१९८३ मध्येच न्यायमूर्ती मुल्ला समितीचा तुरुंगसुधारणेवरचा अहवाल आला. गर्दी कमी करा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, त्यांच्या सेवाशर्ती सुधारा, असे त्यात सांगितले होते. आदर्श कारागृह नियमावली तर सहा कैद्यांमागे एक रक्षक मागते. फाशीच्या मागणीला टाळ्या मिळतात, भरतीच्या मागणीला अर्थखात्याची शेरेबाजी. नाशिकच्या आमदारांनी तरीही पुढच्या अधिवेशनात दुसरीच मागणी करावी: नाशिकरोडला मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रात्रपाळीला एका शिपायाच्या वाट्याला किती बंदी येतात, हे सभागृहात सांगा.